विंचवाचें विष आणि औषधाची निवड

पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक हें गांव विनोबा भावे यांचें जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. १८९५ सालीं त्यांचा जन्म झाला तेव्हां, आणि पुढेंही कित्येक वर्षें, कोकणांतल्या अशा गांवीं विंचू चावला म्हणजे प्रथम मांत्रिकाला बोलावणें जाई. रोगी पुष्कळदां बराही होई. कारण बहुतेक दंशांत वेदनेपलीकडे कांहीं घडत नाहीं. श्रेय मात्र मंत्राला मिळे! लाल विंचवाचा दंश निराळा. दरदरून घाम, उलट्या, गारठलेले हातपाय, आणि कांहीं तासांत धडधाकट मूल धापा टाकीत दगावे.

त्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत, १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं अशा रोग्यांच्या बारकाईनें नोंदी ठेविल्या. मृत्यु येतो तो हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरल्यामुळें, हें त्यांतून स्पष्ट झालें. त्यांचा लक्षणांवरील लेख १९८२ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आला, आणि १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत प्राझोसिन या औषधाविषयींचा.

हें औषध वस्तुतः रक्तदाबावरचें. मग विंचवावर तें कां चालावें? विषामुळें मज्जातंतूंतील सोडियमचीं द्वारें उघडीं राहतात व नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो. हें द्रव्य पेशींवरील ज्या ग्राहकांना चिकटतें, त्यांचे आल्फा व बीटा असे दोन वर्ग अमेरिकन शास्त्रज्ञ आल्क्विस्ट यानें १९४८ सालीं मांडले. पुढें आल्फांतही पोटभेद आढळले. आल्फा-१ रक्तवाहिन्या आवळतो. आल्फा-२ तंतूच्या टोकाशीं बसून नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचें स्रवणें रोखतो; तो जणू गाडीचा ब्रेकच.

भाऊबंद असले तरी दोघांचीं कामें उलट! फेंटोलामीनसारखीं जुनीं औषधें दोघांनाही अडवितात; रक्तवाहिन्या सैल होतात खऱ्या, पण ब्रेकही सुटतो आणि हृदयावर नवा लोंढा कोसळतो. प्राझोसिन मुख्यतः आल्फा-१ लाच अडवितें व ब्रेक शाबूत ठेवितें. हृदयाची धडधड पाहून नुसतें बीटारोधक द्यावें, तर रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि थकलेल्या हृदयाचा उरलासुरला जोर जातो.

बावस्करांच्या नोंदींप्रमाणें गंभीर रोग्यांतील मृत्यु शेंकडा ३० च्या आसपास होते, ते शेंकडा १ च्या घरांत आले. प्राझोसिन विष मारीत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें. तें काम प्रतिविषाचें. २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें आलेल्या ७० रोग्यांवरील चांचणींत दोन्हीं एकत्र दिल्यास रोगी अधिक लौकर सुधारतात, असें दिसलें.

आल्फा-१ सर्व शरीरभर आहे. म्हणून पहिल्या गोळीनंतर रोगी एकदम उठला तर रक्तदाब घसरून भोंवळ येते. कुशल डॉक्टर त्याला आडवाच ठेवितात, आणि नातलगांनीं कितीही आग्रह केला तरी बसूं देत नाहींत.