आधी हिशेब, मग सही



लेकीने नर्स व्हावे असे पुष्कळांना वाटते. काम मानाचे आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, सगळीकडे इस्पितळे आहेत. पण शिकायला पैसा लागतो. मग बँकेचे कर्ज येते. कर्जाला भिऊ नका. आधी हिशेब करा.

नर्सिंगची पदवी 4 वर्षांची. समजा, दर वर्षी 1 लाख कर्ज घेतले. व्याज शेकडा 10. मुलगी शिकत असते, तेव्हाही व्याज चढतच असते. हप्ते बहुधा शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होतात. तोवर 4 लाखांचे 5 लाख 40 हजार होतात. ते 10 वर्षांत फेडायचे, तर महिन्याला सुमारे 7,100 रुपये हप्ता बसतो.

आता पगार पाहा. 7व्या वेतन आयोगात केंद्र सरकारी नर्सचे मूळ वेतन 44,900 रुपये ठरले. त्यातून हप्ता निघतो. पण त्या जागा थोड्या. लहान खासगी इस्पितळांनी निदान 20,000 द्यावेत, असे 2016 साली सरकारी समितीने सुचवले. सुचवणे म्हणजे कायदा नव्हे. 20,000 मधून हप्ता गेला, की 12,900 उरतात. घाटकोपरला खोलीभाडे, जेवण, गाडीचा पास, सारे त्यातच. म्हणून लहान पगार धरूनच हिशेब मांडा.

सही करण्याआधी विचारा. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? सरकारी कॉलेजात जागा मिळेल का? 2024 पासून महाराष्ट्रात, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या पुष्कळ मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे. ती आपल्या मुलीला मिळेल का?

आकडे दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका. आता तुम्हाला लिहिता येते. कागद घ्या, स्वतः मांडा.