हस्तकलेची वही



विणकामावर बोलावे असे आपण सुचवलेत, म्हणून शाळेतली हस्तकलेची वहीच सोबत आणली आहे. बाईंनी सांगितलेला, त्यांच्या तरुणपणच्या धाटणीचा आखूड स्वेटर तीत उतरवलेला आहे. कमरेशी संपणारा, बारीक चौपदरी लोकरीचा, टाके ‘सु.’ आणि ‘उ.’ अशा खुणांनी लिहिलेले. तसा एक मी पूर्वी आईसाठी विणला होता. त्याला कसर लागली. गेल्या डिसेंबरात, बंगळूरच्या थंडीत, 88 वर्षांच्या आईने तोच पुन्हा मागितला.

वहीत 10 नंबरच्या सुया होत्या. मुलीने अमेरिकेहून पाठवलेल्या सुयांवरही 10 हाच आकडा. पाठीसाठी 112 टाके घातले. 16 इंचांऐवजी 22 भरले! आपल्याकडील जुन्या ब्रिटिश मोजणीत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. तिथली 10 नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकी 10 सहा मिलिमीटरची. आधी छोटा नमुना विणून इंचात सात टाके बसतात का ते पाहावे, हे बाईंनी पहिल्याच पानावर लिहवून घेतले होते. ते पान मी उलटून पुढे गेले, हे आज व्यासपीठावरून कबूल करते.

सारे उसवले. लोकरीची लडी करून धुतली, टांगून वाळवली, तेव्हा तिचा कुरळेपणा गेला. मग लडी आईच्या दोन्ही हातांवर चढवून गुंडा केला. तिला आता फारसे दिसत नाही. नवी पाठ मांडीवर ठेवताच तिने बोटे फिरवली आणि म्हणाली, “अगं, इथे एक टाका सुटलाय.”

सुटला होता.