काशीहून आलेला गडू

महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या घरांच्या देवघरात मूठभर आकाराचा तांब्याचा एक गडू असतो. झाकण डाग देऊन पक्कं बसवलेलं, कडेला काळपटलेला धातूचा ओघळ. हलवून पाहिलं तर आत पाणी डुचमळतं. घरातल्या कोणीतरी काशीयात्रेहून आणलेली ही गंगा!

ही गंगा घरी आणणं एकेकाळी फार कष्टाचं होतं. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. वाटेत लुटले गेले, कमाई गेली. पण परतताना गंगेची कावड खांद्यावरून त्यांनी कोकणापर्यंत आणलीच. त्यांचं ‘माझा प्रवास’ 1907 साली छापलं गेलं. मराठी प्रवासवर्णनांत त्याची जागा फार वरची आहे.

काशी-रामेश्वराची यात्रा तर देवाणघेवाणीचीच. गंगेचं पाणी रामेश्वराला अभिषेकासाठी न्यायचं आणि तिथल्या सेतूची वाळू प्रयागला संगमात सोडायची.

घरी आल्यावर मावंदं घालून गंगापूजन होई. शेजारीपाजारी, सोयरे जेवायला येत. एखादा गडू मात्र तसाच बंद राहायचा. घरातल्या कुणाच्या अखेरच्या घटकेलाच तो फुटे, आणि तुळशीपत्रासह पाणी मुखात जाई.

2016 पासून टपाल कार्यालयांतही बाटलीबंद गंगाजल मिळू लागलं. ही सोय चांगलीच, पण त्या बाटलीला प्रवासाची गोष्ट नाही.

श्रोतेहो, तुमच्या देवघरात असा गडू असेल, तर तो कोणी, कधी आणला हे वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा.