उद्याचे पेण-रोहे : चित्र कुणी काढायचे?

(पेण येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या व्याख्यानासाठी मला जो विषय देण्यात आला आहे, तो आहे ‘उद्याचा समाज, तंत्रज्ञान आणि पर्यावरण’. विषय एवढा विस्तीर्ण आहे की, त्यावर बोलणारा वक्ता पाहता पाहता मंगळावर जाऊन पोहोचतो. यंत्रमानव, कृत्रिम बुद्धिमत्ता, अवकाशातल्या वसाहती यांवर तासभर सहज बोलता येते आणि श्रोतेही टाळ्या वाजवून घरी जातात. मात्र त्यांच्या अंगणात उद्या काय होणार आहे, हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून मी आज हमरापूर ते धाटाव एवढ्याच टापूत फिरणार आहे. उद्याचा विचार करायला आपल्याला एवढा टापू पुरेसा आहे, अशी माझी धारणा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भविष्य सांगणे वेगळे आणि भविष्याची कल्पना करणे वेगळे. भविष्य सांगणारा एकच उत्तर देतो. कल्पना करणारा मात्र ‘असे झाले तर काय, आणि तसे झाले तर काय’ असा विचार करतो आणि प्रत्येक शक्यतेत आपण काय करू, हे आधीच ठरवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हर्मन कान यांनी ही पद्धत युद्धनीतीसाठी वापरली. पुढे शेल या तेलकंपनीत पिएर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती व्यापारात आणली. तेल-उत्पादक देश एक दिवस भाव प्रचंड वाढवतील, ही शक्यता त्यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभीच कंपनीपुढे मांडली होती. १९७३ साली तेलसंकट कोसळले, तेव्हा ही कंपनी इतरांच्या तुलनेत सावध होती. सेनापतींनी आणि तेलकंपन्यांनी जी विद्या आत्मसात केली, ती ग्रामसभेने का करू नये, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

कारण ही विद्या आपण वापरली नाही, तर भविष्य थांबत नाही. ते दुसरा कुणीतरी आखतो आणि आपण त्यात राहायला जातो. याचा दाखला शोधायला रोह्याबाहेर जाण्याची गरज नाही. कुंडलिका बारमाही का वाहते? सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीला धरण बांधले गेले, पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे वळवून भिरा येथे उतरवले गेले आणि १९२७ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. ती वीज हवी होती मुंबईला. त्यासाठी मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. सत्याग्रहाला यश आले नाही. मात्र वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत आले, उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी वाहती झाली. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले, धाटावला रासायनिक कारखाने आले, कोलाडला आज पर्यटक त्याच प्रवाहात नौका घालतात. या साऱ्या चित्रात रोहेकरांना कुणी एका शब्दानेही विचारले नव्हते. त्यांना लाभ झाला तो न मागता, आणि नदीकाठच्या कोळ्यांनी कारखान्यांच्या सांडपाण्याचा त्रास सोसला तोही न मागता.

आता जे न मागता मिळाले, ते न विचारता जाऊही शकते. मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमा खोऱ्यात सोडावे, ही मागणी दुष्काळाच्या प्रत्येक फेऱ्यात वर येते. सोलापूरच्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर ती मागणी चुकीची म्हणता येत नाही. तोही आपलाच बांधव आहे. पण ते पाणी निम्म्याने जरी कमी झाले, तर वैशाखात कुंडलिकेचे काय होईल? भरतीचे खारे पाणी आत किती चढेल? सांडपाणी वाहून नेणारा प्रवाहच आटला, तर धाटावचे कारखाने काय करतील? किंवा दुसरी शक्यता घ्या. दिवसा सौर वीज मुबलक मिळू लागली आणि जलविद्युत केवळ संध्याकाळच्या मागणीसाठी राखली गेली, तर नदी दिवसा रोडावेल आणि रात्री फुगेल. या शक्यता आज प्रत्यक्षात नाहीत. पण त्यांचा विचार रोह्यात आजच झाला पाहिजे. निर्णय झाल्यावर केलेला विचार हा विचार नसतो, ती तक्रार असते.

आता पेणच्या खारेपाटाकडे येऊ. बाहेरून येणाऱ्यास खारेपाट ही निसर्गाची देणगी वाटते. वास्तविक ती माणसाच्या हातांची निर्मिती आहे. खाडीकाठी मातीचा बांध घालायचा, उधाणाचे पाणी बाहेर थोपवायचे, ओहोटीला उघाडीतून आतले पाणी सोडायचे, पावसाने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि मग भात लावायचे. ही पिढ्यान्‌पिढ्यांची अभियांत्रिकी आहे. तिच्यासाठी कुणाला पदवी घ्यावी लागली नाही. बांधाला खांड पडली की सारा गाव टोपल्या-फावडी घेऊन धावत असे, कारण एका रात्रीचा आळस साऱ्या गावाची जमीन नापीक करू शकत होता. पुढे १९४८चा कायदा आला, मग १९७९चा खारजमीन विकास अधिनियम आला आणि बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. हेतू चांगला होता. परंतु ‘आमचा बांध’ हळूहळू ‘खात्याचा बांध’ झाला. खात्याच्या बांधाला खांड पडते तेव्हा टोपली निघत नाही, अर्ज निघतो.

याच खांडींतून पुढचा पेच उभा राहिला. खारे पाणी आत शिरले की काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात. कांदळवनांच्या संरक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८मध्ये सविस्तर निकाल दिला. कांदळवने वाचलीच पाहिजेत. लाटांचा मारा अंगावर घेणारी, मासळीची पिल्ले सांभाळणारी तीच आहेत. पण ज्याच्या भातशेतात शासनाच्या बांधाच्या हलगर्जीने तिवरे आली, त्याने काय करायचे? शेत सातबाऱ्यावर त्याचे, झाडे कायद्याच्या रक्षणाखाली, आणि पीक मात्र शून्य. शेती आणि पर्यावरण यांचे हे भांडण मुळातले नाही. ते बांधाच्या दुर्लक्षातून जन्मले आहे. बांधाबाहेर तिवर आणि आत भात, असे दोहोंचे नांदणे येथे शक्य आहे. बाहेरची तिवरे तर बांधाचे रक्षणच करतात.

तेव्हा २०५०च्या खारेपाटाची तीन चित्रे मी आपल्यापुढे ठेवतो. पहिले चित्र शहराचे. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. मार्च २०२४मध्ये शासनाने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. या चित्रात भराव आहे, रुंद रस्ते आहेत, उंच इमारती आहेत आणि पूर्वीच्या शेतकऱ्याचा मुलगा त्यांपैकी एखाद्या इमारतीचा मालक आहे किंवा पहारेकरी आहे. दुसरे चित्र समुद्राचे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली असे आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा अहवाल सांगतो, आणि ती वाढ आता वेग घेत आहे. या चित्रात बांध फुटत राहतात, माणसे एकेक करून पेण शहरात वा पनवेलला जातात आणि गाव नकाशावर तेवढे उरते. तिसरे चित्र सांभाळलेल्या खारेपाटाचे. त्यात बांध मजबूत आहेत, उघाड्या चालू आहेत, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने दिलेल्या क्षार सोसणाऱ्या भातजाती शेतात आहेत, तळ्यांत जिताडा आहे, आणि शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा पाण्याची क्षारता भ्रमणध्वनीवर पाहून उघाडी केव्हा उघडायची ते ठरवतो आहे.

हे तिसरे चित्र स्वप्नरंजन आहे, असे कुणी म्हणेल. त्यांनी नेदरलँड्सकडे पाहावे. १९५३ सालच्या समुद्राच्या पुराने तेथे अठराशेहून अधिक माणसे गेली. त्या देशाने प्रचंड बांध घातले. मग १९९५मध्ये नद्यांना असा पूर आला की, सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा त्यांनी विचाराची दिशा बदलली; केवळ बांध उंच करत न राहता काही ठिकाणी बांध मागे घेऊन नदीला पसरायला जागा दिली. कोठे थोपवायचे आणि कोठे वाट द्यायची, हे त्यांनी पूर येण्यापूर्वी बसून ठरवले. आपल्या अंबा नदीने जुलै १९८९मध्ये जांभूळपाड्याची जी दैना केली, ती पाहिलेली माणसे या सभागृहातही असतील. नदीला जागा लागते, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

येथे कुणी म्हणेल की, सामान्य गावकऱ्याला एवढा पुढचा विचार झेपतो का? त्याचे उत्तर याच तालुक्याने दिले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर मतदान झाले. शेतकरी मतपेटीपाशी गेला आणि आपल्या जमिनीच्या भविष्याबद्दल त्याने मत दिले. देशात असे उदाहरण विरळाच. पुढे तो प्रकल्प बारगळला. परंतु ते मतदान ‘नको’ म्हणण्यासाठी होते. नको त्याला नको म्हणणे हा अर्धा विचार झाला. हेटवणेचे पाणी नवी मुंबईला जाते. ते आपल्या शेतापर्यंत आणून काय पिकवायचे, कुठे विकायचे, त्या शेतीत मुलाला राहावेसे का वाटेल, हा उरलेला अर्धा विचार अजून व्हायचा आहे.

तंत्रज्ञानाचा प्रश्नही आपल्या घरातच आहे. पेणचा गणपती साऱ्या महाराष्ट्रात आणि परदेशातही जातो. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या गावांत हा व्यवसाय घराघरांत पसरला, तो प्लास्टरच्या साच्यांमुळे. प्लास्टर हलके, स्वस्त आणि लवकर सुकणारे. पण पाण्यात सहज न विरघळणारे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये त्यावर निर्बंध आणणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून २०२५मध्ये उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली. मात्र नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. दरवर्षी श्रावण आला की कारागिराचा जीव टांगणीला लागतो, ही काही धंदा करण्याची रीत नव्हे. शाडूकडे वळा, असा उपदेश सोपा आहे. पण शाडू बव्हंशी गुजरातेतून येतो, मूर्ती जड होते आणि सुकायला वेळ घेते. दुसरीकडे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती विरघळवण्याची रीत दाखवली आणि त्यातून खतोपयोगी अमोनियम सल्फेट मिळते. पार्थिव पूजेचा अर्थच असा की, मातीतून आले ते मातीत परत जावे. हा अर्थ राखणारी, कारागिराचे पोट सांभाळणारी आणि नदीला न बाधणारी मूर्ती कोणती, याचे उत्तर पेणमध्येच निघायला हवे. ते मुंबईतील न्यायालयाने काढावे लागणे हे आपल्याला भूषणावह नाही.

शेवटी दोन नावांचे स्मरण करतो. विनोबा जन्मले ते पेण तालुक्यातील गागोद्यात. चिंतामणराव देशमुखांचे जिव्हाळ्याचे नाते रोह्याशी. १९५१ साली देशाची पहिली पंचवार्षिक योजना आकाराला येत होती, तेव्हा चिंतामणराव अर्थमंत्री होते. त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून विनोबा नियोजन मंडळाशी बोलण्यासाठी पवनारहून दिल्लीपर्यंत पायी गेले. एक आकड्यांनी देशाचे भविष्य मांडत होता. दुसरा गावातून चालत जाऊन विचारत होता की, या भविष्यात गाव स्वतःच्या पायावर उभे आहे काय? देशाला दोघांचीही आवश्यकता होती. आज आकडे मांडणारे पुष्कळ आहेत. चालत जाऊन विचारणारे कमी झाले आहेत.

म्हणून माझी विनंती साधी आहे. येत्या वर्षात प्रत्येक ग्रामसभेने एक बैठक केवळ २०५०साठी घ्यावी. तिला म्हाताऱ्यांनी यावे, कारण पाणी पूर्वी कुठवर येत होते हे त्यांना ठाऊक असते. शाळेतल्या मुलामुलींनी यावे, कारण तेव्हा येथे तेच असणार आहेत. महिलांनी यावे, कारण पाणी आणि चूल यांचा हिशेब त्यांच्यापाशी असतो. तीन चित्रे कागदावर काढावीत आणि प्रत्येकाखाली तीन प्रश्न लिहावेत : या चित्रात पाणी कुणाचे? जमीन कुणाची? आणि आपली मुले येथे आहेत की नाहीत? मग जे चित्र हवे असेल, त्यासाठी या पावसाळ्यापूर्वी कोणत्या बांधाची कोणती खांड बुजवायची, तेवढे ठरवून उठावे.