खुर्चीतला एक डॉलर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



जेवणाच्या टेबलाशी असते तशी एक साधी लाकडी खुर्ची डोळ्यांसमोर आणा. चार पाय, एक पाठ, एक बैठक. पूर्वी आपल्याकडे अशी खुर्ची हवी असली की सुताराला निरोप जाई. तो माप घेई, लाकूड कोणतं ते सांगे, थोडी घासाघीस होई. पुढे खुर्ची कुरकुरायला लागली तर त्यालाच बोलावून जाब विचारता येई. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला ही सोय नाही. त्याची खुर्ची अर्ध्या जगाला वळसा घालून येते आणि ती कुणी केली हे त्याला कधीच कळत नाही. त्या दोघांच्या मध्ये कुणीतरी लागतो. तो मधला माणूस म्हणजे मी.

परदेशातल्या दुकानांसाठी कारखाने शोधायचे, नमुने करून घ्यायचे, भाव ठरवायचा, माल तपासायचा आणि तो बोटीवर चढेपर्यंत पाठ सोडायची नाही, असं हे काम. आमच्या भाषेत ‘सोर्सिंग’. माझी सुरुवात जोधपूरला झाली आणि २००६ साली मी व्हिएतनामला गेलो.

व्हिएतनामच का, असं मला नेहमी विचारतात. त्या देशानं १९८६ मध्ये ‘दोई मोई’ म्हणजे आर्थिक नूतनीकरणाचं धोरण घेतलं. अमेरिकेनं १९९४ मध्ये व्यापारबंदी उठवली आणि डिसेंबर २००१ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार करार लागू झाला. त्यानं व्हिएतनामी मालावरची जकात एकदम खाली आली. पुढे २००५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं चीनमधून येणाऱ्या बेडरूमच्या लाकडी फर्निचरवर जादा शुल्क बसवलं. चीनमध्ये कारखाने चालवणाऱ्या अनेक तैवानी मालकांनी मग यंत्रं उचलली आणि सायगावच्या, म्हणजे हो ची मिन्ह शहराच्या, उत्तरेला बिन्ह डुओंगमध्ये आणली. हा प्रांत जुलै २०२५ पासून त्या शहरातच सामील झाला आहे. २०२४ मध्ये व्हिएतनामची लाकूड आणि लाकडी वस्तूंची निर्यात १६ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्यातला निम्म्याहून अधिक माल एकट्या अमेरिकेनं घेतला.

दुसरं कारण लाकडाचं. दोडामार्गकडे ज्यांनी रबराच्या बागा पाहिल्या असतील त्यांना लगेच कळेल. रबराचं झाड साधारण पंचवीस वर्षं चीक देतं, मग तोडावं लागतं. एकेकाळी ते चुलीत जायचं. पण त्याचं फिकट, एकसारखं लाकूड खुर्चीला उत्तम. दक्षिण व्हिएतनाममध्ये अशा बागा पुष्कळ. अट एवढीच की तोडल्यावर काही दिवसांत ते कापून त्यात बोरॉनचं औषध मुरवायचं आणि भट्टीत वाळवायचं. नाहीतर बुरशी आणि कीड त्याचा ताबा घेतात. मध्य किनाऱ्यावर क्वी न्होनला बागेतलं फर्निचर होतं, ते मुख्यतः लावणीच्या अकेशियाचं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दरवर्षी, मोसम ठरवण्याच्या बैठकीत, दुकानाचा खरेदी अधिकारी एकच वाक्य बोलतो : ‘खुर्ची छान आहे, पण एक डॉलर कमी करा.’ समजा, कारखान्याच्या दारात खुर्चीचा भाव वीस डॉलर आहे. त्यात एक डॉलर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण कारखानदाराला या वीसात सुटतात तेच एक-दोन डॉलर. ‘नाही’ म्हणावं तर ऑर्डर शेजारच्या कारखान्यात जाते. म्हणून तो ‘हो’ म्हणतो. आणि मग तो डॉलर कुठून तरी निघतो. कुठून निघाला, हे ओळखणं हाच आमच्या धंद्यातला खरा कस.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे भट्टी. लाकूड वाळवायला दिवस लागतात, इंधन लागतं. चार दिवस आधी भट्टी उघडली तर पैसे वाचतात आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. पॉलिश तसंच चकाकतं. पण ही खुर्ची हिवाळ्यात मिनेसोटासारख्या ठिकाणी पोचते. बाहेर बर्फ आणि घरात हीटर, त्यामुळे हवा कोरडी ठक्क. उरलेला ओलावा निघून जातो, लाकूड आकसतं, सांधा सैल होतो आणि मार्चमध्ये कुणाचे तरी आजोबा त्यावरून कलंडतात. म्हणून आम्ही खिशात ओलावा मोजण्याचं दोन सुयांचं यंत्र ठेवतो. आठ ते बारा टक्क्यांच्या आत आकडा असला तर ठीक.

दुसरी जागा, लाकूड आलं कुठून. व्हिएतनामनं स्वतःच्या नैसर्गिक जंगलातली तोड थांबवत आणली, पण कारखान्यांची भूक वाढतच गेली. मग कंबोडियातून, आफ्रिकेतल्या कॅमेरूनसारख्या देशांतून लाकूड येऊ लागलं. चोरतोडीचं लाकूड स्वस्त पडतं, कारण त्याची किंमत दुसऱ्याच कुणाच्या जंगलानं मोजलेली असते. अमेरिकेनं २००८ मध्ये आपला लेसी कायदा लाकडालाही लावला, युरोपचे नियम २०१३ पासून आले आणि २०२० मध्ये अमेरिकेनं व्हिएतनामच्या लाकडाच्या व्यवहाराची चौकशीच सुरू केली. वर्षभरानं दोन्ही सरकारांचा समझोता झाला. तेव्हापासून आमच्या टेबलावर लाकडापेक्षा कागद जास्त असतात. पण कागदाला वास नसतो. लाकडाच्या वखारीत जाऊन उभं राहिल्याशिवाय खात्री होत नाही.

कपाटांच्या बाबतीत तर हा डॉलर जिवावर बेततो. खणांचं कपाट पुढे कलंडू नये म्हणून मागे वजन द्यावं लागतं, किंवा एका वेळी एकच खण उघडेल अशी कळ बसवावी लागते. दोन्हींना पैसे पडतात. लहान मूल उघड्या खणावर पाय देऊन चढतं आणि कपाट अंगावर येतं. अशा मृत्यूंनंतर २०१६ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलवावी लागली. पुढे २०२२ च्या अखेरीस कायदा झाला आणि सप्टेंबर २०२३ पासून कलंडण्याची कडक चाचणी सक्तीची झाली. ती चाचणी आम्ही कारखान्यातच घेतो, खणांत वजनं भरून, ते उघडे ठेवून.

मग तो एक डॉलर प्रामाणिकपणे काढताच येत नाही का? येतो. एक प्रसंग सांगतो. बिन्ह डुओंगमधल्या एका कारखान्यात उत्पादन सांभाळणाऱ्या बाई होत्या. तिकडे वयानं मोठ्या बाईला ‘ची’ म्हणतात, आपल्या ताईसारखं. मी नेहमीचं वाक्य घेऊन गेलो : एक डॉलर कमी. ची काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक खुर्ची मागवली, ती उकलून सगळे तुकडे टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाल्या, ‘दादा, यातला कुठला तुकडा नको ते तुम्हीच उचला.’

मी तुकड्यांकडे पाहत राहिलो. एकही उचलण्यासारखा नव्हता. मग आमचं लक्ष खोक्याकडे गेलं. खुर्ची जोडून, दोन-दोन एका खोक्यात जात होती. चाळीस फुटी कंटेनरमध्ये ५६० खुर्च्या बसत. भाडं तेव्हा साधारण दोन हजार डॉलर धरा. म्हणजे खुर्चीमागे साडेतीन डॉलर आणि त्यातले बरेचसे नुसती हवा वाहून नेण्याचे! पुढचे पाय बोल्टनं जोडायचे केले, पाठ सुटी केली, तर त्याच कंटेनरमध्ये हजार खुर्च्या मावत होत्या. भाडं दोन डॉलरवर आलं. दीड डॉलर वाचला, त्यातला अर्धा बोल्ट आणि पितळी चकत्यांना गेला. उरला बरोबर एक डॉलर.

गंमत म्हणजे हा डॉलर कारखान्याच्या खिशातून निघालाच नाही. भाडं दुकानवालाच भरत होता. पण त्याचा खरेदी विभाग एका मजल्यावर, जहाजभाड्याचा दुसऱ्या मजल्यावर. दोघांनी कधी एकत्र बसून हिशोबच केला नव्हता. अशा आणखीही जागा असतात. लाकडाचे आखूड तुकडे फेकण्याऐवजी बोटांसारखे दात पाडून जोडता येतात. पाच रंगांऐवजी दोनच रंग ठेवता येतात. २०२१ मध्ये हेच कंटेनर दहा हजार डॉलरच्याही पुढे गेले, तेव्हा ज्यांनी आधीच हवा कमी केली होती ते तरले.

तिसरी जागा सांगायची राहिली, ती माणसांची. व्हिएतनामी नववर्ष म्हणजे तेत. तेतला कामगार गावी जातात, कुणी मेकाँगच्या खोऱ्यात, कुणी दूर मध्य प्रांतांत. कारखाने एक-दोन आठवडे बंद. हे दरवर्षी येतं, दिवाळीसारखं. तरीही दुकानं ऑर्डर उशिरा देतात आणि माल तेतच्या आधी मागतात. मग रात्रपाळ्या लागतात. कायद्यात जादा कामाला वर्षाला २०० तासांची, ठरावीक अटींवर ३०० तासांची मर्यादा आहे. अशा घाईत ती कागदावरच राहू शकते. दमलेल्या माणसाच्या हातून गोंद कमी लागतो आणि बोट करवतीजवळ जातं. ऑर्डर सहा आठवडे आधी देण्याला दुकानाला एक सेंटही पडत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची लाट दक्षिण व्हिएतनामवर आली. कारखाना चालू ठेवायचा तर कामगारांनी तिथंच काम करायचं, तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं, असा नियम होता. अनेकांनी कारखाने बंद केले. ऑक्टोबरमध्ये बंधनं उठताच हजारो कामगार मोटारसायकलवर मुलाबाळांसह गावाकडे निघाले. वर्षभरापूर्वी आपल्या रस्त्यांवर पाहिलेलं चित्र मला तिथे पुन्हा दिसलं. त्यांतले बरेच परत आले, सगळे आले नाहीत. चांगला पॉलिशवाला एका आठवड्यात तयार होत नाही, हे तेव्हा अनेक खरेदीदारांना उमगलं.

आणि पुन्हा तेच वाक्य आलं, २०२५ मध्ये. एप्रिलला अमेरिकेनं व्हिएतनामी मालावर ४६ टक्के शुल्क जाहीर केलं. ऑगस्टपर्यंत ते २० टक्क्यांवर आलं, तर ऑक्टोबरमध्ये गादीच्या लाकडी फर्निचरवर वेगळं २५ टक्के लागलं. शुल्क भरतो तिकडचा आयातदार, पण त्यानं फोन केला तो इकडच्या कारखान्याला : ‘तुमचा वाटा किती?’ अशा वेळी माझं काम मी एकच समजतो. डॉलर कुणाकडून घेता येईल हे न विचारता, तो कशातून काढला तर खुर्ची उभी राहील, हे विचारायचं.

माल निघण्याआधी आम्ही शेवटची तपासणी करतो. पाचशे ते बाराशे नगांचा गठ्ठा असेल तर त्यातले ऐंशी नग हवे तिथून उचलायचे. मोठे दोष असलेले पाच निघाले तर माल जातो, सहावा निघाला की सगळा गठ्ठा अडतो. एक खोकं निवडून कोपऱ्यावर, कडांवर, सहाही बाजूंवर असं दहा वेळा खाली टाकायचं. आवाज होतो, कामगार हसतात. खोक्यातून खुर्ची धड निघाली की तेच टाळ्या वाजवतात.

आज आपल्याकडेही फर्निचर दुकानातून, खोक्यातून येऊ लागलं आहे. भाव जरूर करा. तो आपला हक्कच आहे. पण दुकानदारानं पटकन हजार रुपये कमी केले तर आनंद मानण्याआधी एक प्रश्न विचारा : हे हजार कशातले गेले? वाहतुकीतले गेले असतील, आखूड तुकडे वापरून वाचले असतील, तर खुशाल घ्या. त्याला उत्तर देता येत नसेल, तर ते बहुधा सांध्यातून गेले आहेत.