नदीपलीकडचे उपकेंद्र

राज्यभरातून आलेले डॉक्टर, परिचारिका, अधिकारी आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आशाताई,

गडचिरोलीत आपले स्वागत. मुंबई-पुण्यात परिषद घेतली असती तर येणे सोपे झाले असते, असे काहींनी कळवले. खरे आहे. पण आरोग्यातल्या विषमतेवर बोलायचे तर एकदा तिच्या घरी येऊन बोलावे, हा स्वागत समितीचा हट्ट.

सरकारी निकष आपल्याला पाठ आहेत. सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे. विचार चांगला, पण तो माणसे मोजतो, वाट मोजत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की याच जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क तुटतो. पलीकडे एखादी बाई अडली, तर तिच्या गावाची लोकसंख्या विचारून काय करायचे? म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आरोग्य केंद्रापाशी आणणारे ‘माहेरघर’ मला नव्या इमारतींपेक्षा शहाणपणाचे वाटते. अर्थात, रोवणीच्या दिवसांत घर सोडून आलेल्या बाईची बुडीत मजुरी वेळेवर हातात पडली नाही, तर तिथल्या खाटा रिकाम्याच राहणार.

वाट तुडवायलाच लागू नये, असा उपायही याच जिल्ह्यात निघाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. ३९ गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचा त्यांचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०११पासून देशभरातल्या आशाताई घरोघरी बाळे तपासतात, त्याची एक मोठी प्रेरणा इथली. मात्र धोरण दिल्लीहून परत आले तेव्हा आशाताईंच्या पिशवीतले इंजेक्शन गळाले होते. गावातल्या बाईच्या हाती सुई देण्याची हिंमत गडचिरोलीने केली, देशाने केली नाही. यावर इथे कडाक्याचा वाद व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

आशाताईंचे सत्र उद्घाटनानंतर लगेच ठेवले आहे, जेवणानंतरच्या डुलक्यांच्या वेळेत नाही. परवा भामरागडला जाणाऱ्या गाड्या पहाटे निघतील. अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे, शिदोरी आम्ही देऊ.