परक्या नगरीत बिऱ्हाड मांडताना

(उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर पवनार येथे झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



धाम नदीच्या या तीरावर विनोबाजी १९३८ साली राहावयास आले. पुढे भूदानासाठी जे बाहेर पडले, ते सुमारे तेरा वर्षांनी, १९६४ साली येथे परतले. या काळात त्यांनी दररोज नवे गाव पाहिले, नव्या घरचे अन्न घेतले, प्रांत बदलला की तेथील भाषेत लोकांशी बोलण्याचा प्रयत्न केला. तेव्हा परक्या गावी कसे राहावे, हा विषय पवनारला नवा नाही. बदलले आहे ते अंतर.

आज परदेशी निघणाऱ्या मुलाच्या घरी महिनाभर आधी वजनकाटा बाहेर येतो. तेवीस किलोंच्या बॅगेत कुकर, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि आजीने शेवटच्या क्षणी कोंबलेली लोणच्याची बरणी बसवायची असते. आईची ती माया आहे; तिला कोणी हसू नये. पण घर तारण ठेवून कर्ज काढलेले असते आणि पहिल्या दोन महिन्यांत मुलाने काय करायचे, याची चर्चा मात्र त्या घरात झालेली नसते. लोणचे संपते, थंडी सुरू होते आणि खोलीचे दार लावून बसण्याची सवय जडते. खरा धोका तेथे आहे.

या संदर्भात एका माणसाची आठवण करणे उचित ठरेल. येथून अडीच-तीन कोसांवरील वर्ध्याचे ते सुपुत्र. नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने, सशस्त्र क्रांतीचे शिक्षण मिळवावे या हेतूने हा तरुण ऐन विशीत देशाबाहेर पडला आणि जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. १९०६ च्या भीषण भूकंपाने उद्ध्वस्त झालेले सॅन फ्रान्सिस्को तेव्हा पुन्हा उभे राहत होते. खिशात पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत त्यांनी शिक्षण चालविले. कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण देणाऱ्या टामालपाइस अकादमीत ते शिकले. पुढे ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला.

वातावरण अनुकूल होते असे कोणी समजू नये. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे गोऱ्या जमावाने लाकूड-गिरण्यांतील हिंदी मजुरांवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हाकलले. हे मजूर बहुतांशी पंजाबचे शीख. शिकलेला विद्यार्थी आणि अशिक्षित मजूर यांच्यात जे अंतर स्वदेशात असते, ते परदेशात आपोआप मिटत नाही. उलट, 'आपण त्यांच्यातले नव्हे' हे दाखविण्याची घाई विद्यार्थ्यालाच अधिक असते. खानखोजे या मजुरांमध्ये गेले. मराठी ब्राह्मण तरुणाला पंजाबी शेतकऱ्याच्या पंगतीत आपली माणसे सापडली. सोहनसिंग भकना, पंडित काशीराम यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह उभ्या राहिलेल्या या कार्यातूनच १९१३ मध्ये गदर चळवळ आकारास आली. वर्ध्याहून गेलेल्या विद्यार्थ्याला पोर्टलंडचा परिसर परका राहिला नाही, त्याचे कारण हे आहे.

पुढची कथा दीर्घ आहे. महायुद्धाच्या काळात इराणात इंग्रजांविरुद्ध लढा, नंतर जर्मनी, रशिया आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिको. विद्यार्थिदशेत मिळविलेले शेतीचे ज्ञान तेथे उपयोगी पडले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर चितारलेल्या एका पंगतीत भाकर वाटून देणारा पुरुष दाखविला आहे. तो चेहरा खानखोजे यांचा. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. वर्ध्यात मात्र किती शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक असेल?

खोली शोधणे ही बाब क्षुल्लक वाटते, पण ती तशी नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहातील जेवण त्यांना मानवेना. ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहावयास गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जुळलेला स्नेह आयुष्यभर टिकला. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा पैशाची नड भागविण्यास हाच मित्र पुढे आला. पहिली खोली चुकली म्हणून आकाश कोसळत नाही. मात्र पाहिल्यावाचून अनामत रक्कम पाठवून फसलेल्या मुलांच्या कहाण्या आज घरोघरी ऐकू येतात. पहिले पंधरा दिवस विद्यापीठाच्या वसतिगृहात काढून, मग डोळ्यांनी पाहून घर घ्यावे, हे थोडे महाग पडले तरी शहाणपणाचे.

आणि प्रकृती! आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना लेकीसारखे घरात घेतले. आहार शाकाहारी, वेष हिंदू. थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. आपले काय राखायचे आणि काय बदलायचे, याचा निर्णय त्यांनी कोणाच्या उपदेशाने नव्हे, हवामान पाहून घेतला! मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांचा गौरव करताना या अखेरच्या तारखेकडे आपण घाईने पाहतो. परदेशातील मुलाने आजार घरी लपविणे हा त्याग नव्हे. आरोग्यविमा काय काय भागवितो, हे निघण्यापूर्वीच पालकांनी वाचलेले असावे. अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीसच तास काम करता येते. त्या कमाईवर कर्जाचे हप्ते फेडण्याचा हिशोब कोणी मांडू नये.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. आज अमेरिकेत शहरोशहरी मंडळे आहेत. गणपतीच्या आरतीला अवश्य जावे. पण तेवढ्याच वर्तुळात दोन वर्षे काढून परतणारा विद्यार्थी त्या शहरात राहिला, असे म्हणता येईल काय?

खानखोजे यांना मायदेशी येणे सोपे गेले नाही. ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील नाव स्वातंत्र्यानंतरही आड आले. ती बंदी उठल्यावर १९४९ साली ते भारतात येऊ शकले. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्या पत्नी जान या बेल्जियमच्या. मेक्सिकोतले घर मोडून त्या मुलींना घेऊन नागपुरात आल्या. परक्या नगरीत बिऱ्हाड मांडण्याची पाळी आता त्यांची होती. आणि शेजारी होतो आपण.